थापा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि शक्य तितकी खरी उत्तरं)

ही प्रश्नावली खोटं बोलणाऱ्यांसाठी आहे. आपण कधीच खोटं बोलत नाही अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी थेट तिसऱ्या प्रश्नाकडे जावं. त्यांची सोय तिथे केली आहे. शेवटचं उत्तर लिहिताना जिवावर आलं होतं, पण लिहिलंय.

१. खोटं म्हणजे नेमकं काय?

चुकीचं बोलणं आणि खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी सहाची आहे असं मनापासून समजून तुम्ही 'सहा' सांगितलंत आणि ती पाचलाच निघून गेली, तर तुम्ही चुकलात, एवढंच. (ज्याची गाडी हुकली त्याला हा फरक त्याच वेळी समजावून सांगायला जाऊ नका.) उलट गाडी पाचची आहे असं समजून तुम्ही मुद्दाम 'सहा' सांगितलंत आणि गाडी नेमकी सहाला सुटली, तर तुम्ही खरं सांगूनही खोटं बोललात. हा मुद्दा माझा नव्हे. सेंट ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने साधारण ३९५ साली खोटेपणावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहा, असं त्यात बजावलं. खोट्याचे त्याने आठ प्रकार पाडले. आठही पापच, फक्त कमीजास्त.

मराठीला आठ पुरत नाहीत. आपण थाप मारतो, पुडी सोडतो, बंडल मारतो, बाता झोडतो, भूलथाप देतो, शेंडी लावतो, टोपी घालतो. खरं मात्र नुसतं 'बोलतो'. सगळ्यांत लाडकी ती लोणकढी. लोणी कढवून नुकतंच उतरवलेलं तूप ते लोणकढं. थापही तशीच ताजी, रवाळ, घशात न अडकणारी. आणि 'थाप' हा शब्दच बघा ना. थाप पाठीवर मारतात, तीच तोंडावरही मारतात, आणि कौतुकाच्या प्रसंगी बहुधा दोन्ही एकदमच.

२. तोंडाने खोटं बोललोच नाही, फक्त गप्प बसलो. तेही धरायचं का?

धरायचं. वेड पांघरून पेडगावला जाणं, कानावर हात ठेवणं, हे सगळं अवाक्षर न काढता करता येतं म्हणून काही ते सोवळं होत नाही.

यातला सगळ्यांत कसबी प्रकार म्हणजे प्रत्येक शब्द खरा ठेवून समोरच्याला खड्ड्यात घालणं. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. युधिष्ठिराने तेच सांगितलं, फक्त 'कुंजर' जरा हळू म्हटलं. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्यानंतर खाली टेकला, अशी कथा आहे. हा दंड मला फार आवडतो. रथ मोडला नाही, घोडे मेले नाहीत. फक्त चार बोटं. म्हणजे इतरांच्या पातळीवर आला, बस्स.

हल्ली 'कुंजर' हा जाहिरातीच्या तळाशी, चांदणीच्या खुणेपाशी, मुंगीएवढ्या अक्षरात छापतात.

३. मी कधीच खोटं बोलत नाही. मला हे वाचायची काय गरज?

या, बसा. एखादं ॲप घेताना 'मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत' या ओळीपुढच्या चौकटीत तुम्ही खूण केली आहे का?

दोन संशोधकांनी एक बनावट सोशल नेटवर्क उभं केलं आणि त्याच्या अटींमध्ये एक कलम घुसडून दिलं: वर्गणीपोटी तुम्ही तुमचं पहिलं अपत्य आम्हाला द्याल. ५४३ विद्यार्थी त्यात सहभागी झाले होते. ९८ टक्के जणांच्या हे कलम नजरेलाच पडलं नाही. आता तुम्ही पहिल्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात करा.

४. माणूस दिवसाकाठी किती वेळा खोटं बोलतो?

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना आठवडाभर आपल्या खोट्याची रोजनिशी ठेवायला लावली होती. विद्यार्थ्यांचं दिवसाला सरासरी दोन वेळा निघालं, इतरांचं एकदा. २०१० मध्ये हजार अमेरिकी प्रौढांना 'गेल्या चोवीस तासांत किती वेळा?' असं विचारलं, तर साठ टक्के म्हणाले, एकदाही नाही; आणि एकूण खोट्यापैकी जवळपास निम्मं खोटं अवघ्या पाच टक्के लोकांच्या खात्यावर निघालं.

म्हणजे एकतर साठ टक्के लोक खरोखरच सज्जन आहेत, नाहीतर त्यांचं त्या दिवसाचं पहिलं खोटं संशोधकांच्या वाट्याला आलं. खोटं किती बोलता हे विचारून मोजायचं असेल तर दुसरं काय होणार? पाच टक्क्यांचा आकडा मात्र मला पटतो. आपल्या ओळखीतली वीस माणसं डोळ्यांसमोर आणा. तो एक लगेच आठवतो की नाही?

५. खोटं बोलणारा ओळखायचा कसा?

तो नजर चुकवतो, असं तुम्ही म्हणणार. २००६ साली ५८ देशांतल्या लोकांना हाच प्रश्न विचारला होता, आणि बहुतेक ठिकाणी हेच उत्तर पहिलं आलं. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, पण या एका बाबतीत जगाचं एकमत. दुर्दैवाने ते चुकीचं आहे. ही समजूत खोटं बोलणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून तो डोळ्यांत डोळे घालून बोलतो. नजर चुकवणारा असतो तो बिचारा लाजरा माणूस, ज्याने काहीच केलेलं नसतं.

त्याच वर्षी दोन मानसशास्त्रज्ञांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. खरं कोण, खोटं कोण हे ओळखायला बसलेल्या २४,००० हून जास्त लोकांचे निकाल त्यात होते. बरोबर ओळखण्याचं प्रमाण: ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आलंच असतं. माणसाची सगळी पारख, अनुभव, 'मी माणसं वाचतो'चा तोरा, या सगळ्याची किंमत चार टक्के.

हे असं का? एक कारण साधं आहे. आपण बहुतेक वेळा समोरच्याचं खरं धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते असतंही खरं. 'किती वाजले?' असं विचारून प्रत्येक उत्तराची उलटतपासणी घेणारा माणूस संध्याकाळपर्यंत वेडा होईल.

दुसरं कारण अभ्यासकांपेक्षा आपल्यालाच जास्त माहीत आहे. मित्राला फोन लावा. 'कुठे आहेस?' 'निघालोय रे, पाच मिनिटांत पोचतो.' मागे नळ चालू आहे. आवाज घुमतोय, कारण बोलणारा न्हाणीघरात उभा आहे आणि एका हाताने टॉवेल सावरतोय. ऐकणाऱ्याला हे सगळं लख्ख ऐकू येतं. तो काय म्हणतो? 'ये सावकाश.' मग फोन ठेवतो आणि स्वतः आंघोळीला जातो.

थाप मारायला एक लागतो, चालवून घ्यायला दुसरा. पकडायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसाला ५४ टक्केसुद्धा खूप झाले.

६. मग यंत्राने पकडावं. पॉलिग्राफ आहे ना?

आहे. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली पोलिसांत नोकरी करणाऱ्या जॉन लार्सनने ते बनवलं. रक्तदाब, नाडी, श्वास हे एकत्र टिपायचं. पुढे घामाचीही भर पडली. अडचण एवढीच की या चारांपैकी एकही गोष्ट म्हणजे खोटं नव्हे. यंत्र घाबरगुंडी मोजतं. घाबरट पण खरा माणूस त्यात अडकतो, आणि निर्ढावलेला लबाड हसतमुखाने बाहेर येतो.

ऑल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१, दोन्ही वेळा तो पॉलिग्राफमधून सुटला. पकडला गेला १९९४ मध्ये. चाचणीआधी त्याने रशियनांनाच विचारलं होतं म्हणे, काय करू? सल्ला मिळाला: रात्री चांगली झोप काढ, आणि तपासणाऱ्याशी गोड बोल. परीक्षेच्या आदल्या रात्री आई सांगते ते याहून निराळं काय असतं?

या क्षेत्रातला माझा आवडता माणूस म्हणजे विल्यम मार्स्टन. रक्तदाबावरून खोटं पकडायची त्याची चाचणी १९२३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. मार्स्टनने हाय खाल्ली नाही. १९४१ मध्ये त्याने 'वंडर वूमन' जन्माला घातली. तिच्याकडे एक दोर आहे, आणि त्यात अडकलेल्याला खरं बोलावंच लागतं. न्यायालयात जमलं नाही ते चित्रकथेत जमलं.

७. आमचं मूल खोटं बोलायला लागलंय. काळजी करावी का?

थोडा अभिमान बाळगलात तरी चालेल. मानसशास्त्रातला एक नेहमीचा प्रयोग आहे. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, 'वळून बघायचं नाही हं' असं सांगून खोलीबाहेर जायचं, आणि परत येऊन विचारायचं, 'बघितलंस का?' बहुतेक सगळी मुलं बघतातच. बघून 'नाही' म्हणणारी दोन वर्षांची मुलं थोडी असतात, तीन वर्षांची साधारण निम्मी, आणि चार वर्षांची बहुतेक सगळी. कारण खोटं बोलायला बुद्धी लागते: माझ्या मनात आहे ते समोरच्याच्या मनात नाही, हे आधी कळावं लागतं.

लहानांचं बिंग फुटतं ते पुढच्या प्रश्नाला. 'बरं, नाही ना बघितलंस? मग काय असेल रे तिथे?' 'डायनासोर!'

पुढे मुलं सुधारतात. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांना बक्षीस म्हणून साबणाची वडी दिली होती. आवडलं का, असं विचारल्यावर बरीच मुलं 'हो' म्हणाली. हे त्यांना कुणी शिकवलं, ते विचारू नका. आरसा जवळच असतो.

८. दारात खुनी उभा राहून 'तो कुठे लपलाय?' असं विचारू लागला, तर?

हा प्रश्न नेहमी येतो, खुनी क्वचित. तरी सांगतो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ मध्ये यावर निबंध लिहिला: मित्र तुमच्या घरात लपलेला असला तरी खुन्याला खोटं सांगायचा तुम्हाला अधिकार नाही. कांटच्या मित्रांनी कुठे लपावं याबद्दल त्यात सूचना नाहीत.

महाभारताच्या कर्णपर्वात बरोबर हाच पेच आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण सदा सत्य बोलायचं व्रत घेऊन बसलेला. दरोडेखोरांना भिऊन काही लोक त्याच्यासमोरून रानात पळाले. मागून दरोडेखोर आले, म्हणाले, कुठे गेले? कौशिकाने दिशा दाखवली. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, आणि तीही केव्हा, तर आपल्या प्रतिज्ञेला जागायचं म्हणून अर्जुन थोरल्या भावावरच तलवार उपसून उभा असतो तेव्हा. तत्त्वासाठी भावाला मारायला निघालेल्याला दुसरं काय सांगणार?

एकच उत्तर, आणि एकाच्या मते तो निर्दोष, दुसऱ्याच्या मते थेट नरक. माझं मत विचाराल तर खुनी खरंच आला तर मला वाचाच फुटणार नाही.

९. मी स्पष्टवक्ता आहे, तोंडावर बोलतो. म्हणजे मी प्रामाणिक ना?

'स्पष्टवक्ता सुखी भवेत्' असं वचन आहे. सुखी कोण होणार ते त्यात स्वच्छ लिहिलंय: वक्ता. श्रोत्याचा उल्लेख नाही.

१०. 'खोटं बोल पण रेटून बोल' यात तथ्य आहे का?

आहे, आणि ते प्रयोगाने सिद्ध झालंय, हेच वाईट. १९७७ साली काही विद्यार्थ्यांना बरीच विधानं देऊन ती खरी वाटतात का ते विचारलं. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने हे तीनदा केलं. काही विधानं प्रत्येक वेळी तीच होती. ती दर खेपेला जास्त खरी वाटू लागली, मग मुळात खरी असोत वा खोटी. कानाला सवयीचं झालेलं मनाला पटतं. इथेही अर्धं काम ऐकणाराच करतो.

वेगाचंही बघा. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या बातम्यांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सत्तर टक्क्यांनी जास्त होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खरीला सुमारे सहापट वेळ लागत होता. यंत्रांनी चालवलेली खाती वगळून पाहिलं तरी चित्र तेच. पुढे ढकलणारी माणसंच होती.

'सत्य बूट घालेपर्यंत असत्य अर्ध्या जगाला फेरी मारून येतं' हे मार्क ट्वेनचं वाक्य इथे हमखास दिलं जातं. ते ट्वेनचं असल्याचा पुरावा नाही. त्याच्या नावावर ते चढलं ते तो वारल्यानंतर. असत्याबद्दलचं हे सुभाषित असत्याच्याच पायांनी जगभर हिंडतंय, आणि अजून दमलेलं नाही.

११. प्राणी खोटं बोलतात का?

आफ्रिकेतल्या कलहारीत कोतवाल पक्ष्याचा एक भाऊबंद आहे. शिकारी दिसला की तो ओरडतो, आणि मीरकॅट नावाचे चिमुकले प्राणी त्याच्या भरवशावर बिळात पळतात. अधूनमधून शिकारी नसतानाही तो ओरडतो. मीरकॅट पळाले की त्यांनी टाकलेला किडा हा उचलतो. दिवसाच्या खाण्यापैकी जवळजवळ पाव हिस्सा तो असा मिळवतो. तीच हाक वरचेवर दिली की मीरकॅट ती मनावर घेईनासे होतात, म्हणून तो आवाज बदलून दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका मारतो.

त्याचं नाव कोतवाल ठेवणाऱ्या पूर्वजांना काहीतरी माहीत असणार.

१२. लोकांनी प्रामाणिक वागावं यासाठी काही सोपा उपाय?

होता. २०१२ साली एका नामवंत विज्ञानपत्रिकेत निबंध आला: 'वरील माहिती खरी आहे' अशी सही फॉर्मच्या शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच घ्या, लोक खरं लिहितात. पुरावा म्हणून गाडीच्या विम्याचे हजारो फॉर्म होते. गाडी किती मैल चालली ते मालकांनी त्यात भरलेलं. कल्पना इतकी गोड आणि इतकी बिनखर्चाची, की जो तो तिचा दाखला देऊ लागला.

२०२१ मध्ये काही चिकित्सक लोकांनी ते आकडे उघडून पाहिले. वर्षात शंभर मैल चालवणारे, पंचवीस हजार चालवणारे आणि एकोणपन्नास हजार चालवणारे, सगळे जवळपास सारख्याच संख्येने होते, आणि पन्नास हजारांच्या पुढे कुणीच नाही. खरा माणूस असा आकडा सांगताना कुठेतरी शून्यावर आणून सोडतो. या आकड्यांना तेवढीही माणुसकी नव्हती. वर निम्म्या नोंदी एका फॉन्टमध्ये, निम्म्या दुसऱ्या. आकडे बनावट होते. निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा निबंध, बरं का. सही वर होती की खाली, कोण जाणे.

एक बरी बातमीही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता नाकाने कांदे सोलतोय. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून जास्त 'हरवलेली' पाकिटं हॉटेलं, बँका, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी नेऊन दिली, 'रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा' म्हणून. २०१९ मध्ये निकाल आला. बिनपैशाच्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या मालकांना निरोप गेला, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांच्या. उलटं होईल असं वाटतं ना? अंदाज विचारलेल्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. संशोधकांचं म्हणणं असं की पैसे ठेवून घेतले तर आपण चोर ठरतो, आणि ते स्वतःच्याच मनाला पटवणं जड जातं. रिकामं पाकीट विसरता येतं.

१३. 'मी आत्ता खोटं बोलतोय' हे वाक्य खरं की खोटं?

या कोड्याचा विचार करता करता कॉस बेटावरचा फिलेटस नावाचा ग्रीक कवी खंगून मेला, अशी आख्यायिका आहे. पुढचा प्रश्न.

१४. कुणी 'खरं सांगू का?' असं विचारलं तर काय उत्तर द्यावं?

'नको.'

१५. हे सगळं लिहिणारे तुम्ही स्वतः कधी पकडले गेलात का?

नाही. म्हणजे दोन वर्षं मी तसं समजत होतो.

एका मित्राने कादंबरी लिहायला घेतली होती. त्याने मला फाईल पाठवली. तीनशेच्या वर पानं. मी पहिली चाळीस वाचली, मधली चाळली आणि कामाला लागलो. महिन्याभराने तो भेटला. 'वाचलीस?' 'वाचली.' एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण त्याचा चेहरा बघून मी पदरचं घातलं: 'शेवट तर फारच आवडला. असं काही होईल असं वाटलंच नव्हतं.' तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा. मग तो म्हणाला, 'थँक्यू रे. शेवटाचीच मला धाकधूक होती.'

दोन वर्षांनी कादंबरी छापून झाली. प्रकाशनाच्या वेळी मी चार शब्द बोलावेत असा त्याचा आग्रह. आता तरी वाचावी म्हणून जुनी मेल शोधून काढली आणि सरळ फाईलच्या शेवटी गेलो. ती चौदाव्या प्रकरणाच्या मध्येच संपते. शेवटची ओळ आहे, 'तेवढ्यात दारावर'. पुढे कोरं पान. मेलमध्ये फाईलबरोबर एक ओळ होती, तीही मी तेव्हा वाचली नव्हती: 'शेवट अजून सुचलेला नाही, तुला काही सुचलं तर सांग.'

बराच वेळ तसाच बसलो. मग त्याला फोन लावला आणि जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, कशावर बोलू?

'तुला शेवट आवडला होता ना,' तो म्हणाला, 'शेवटावर बोल.'